वारं असल्याचा पुरावा
संग्रामपुरातल्या माझ्या अर्ज भरायच्या दुकानात एक आजोबा यायचे, पण आत शिरण्याआधी उंबऱ्याशी थांबून उजव्या हाताचं बोट जिभेला लावायचे आणि वर धरायचे. "हाय, आज सातपुड्याकडून हाय," असं स्वतःशीच पुटपुटून मग बसायचे. सरकारी अनुदानातून घरावर लहान पवनचक्की बसवायची, हे एकच वेड. अर्ज मीच भरला होता. नियम असा की जागेवर पुरेसा वारा हवा. पाहणीला साहेब आले त्या दिवशी नेमकं झाडाचं पान हलत नव्हतं.

मग दोन महिने ते दिसलेच नाहीत. काल सुनेच्या आधाराने आले. उजवा हात लोंबत होता, तोंड वाकडं झालं होतं. उंबऱ्याशी थांबून त्यांनी डाव्या हाताचं बोट ओलं केलं, पण वर नेलं नाही.

मी आलेलं उत्तर वाचून दाखवलं. जागेवर पुरेसा वारा नाही, सबब अर्ज नामंजूर.

ते अडखळत म्हणाले, "लिहून धाड त्यायले बाप्पा, वारं हाय म्हनाव. माह्या अंगावरूनच गेलं."

आणि हसले, अर्ध्या तोंडानं.