मोडलेले कान

आप्पा, म्हणजे माझे वडील, नवख्या पुरुषाचे आधी कान बघायचे. तालमीत वर्षानुवर्षं कुस्ती खेळलेल्या पैलवानाचे कान घासून घासून सुजतात आणि पुढे तसेच गाठाळ राहतात. असा मोडलेला कान दिसला की आप्पांचा निकाल ठरलेलाच. माणूस निर्व्यसनी, सरळ, शब्दाचा पक्का. सगळं कोल्हापूरच थोडंफार तसं होतं म्हणा, पण आप्पा जरा जास्तच.

सत्तरच्या दशकात थोरल्या ताईला स्थळं यायला लागली. ताई भारी बडबडी. आपल्या घरात रेडिओची गरजच नाही, असं आई म्हणायची. पहिलं स्थळ नेसरीकडच्या एका शिक्षकाचं. गोरा, नाजूक जिवणीचा, मिशी जेमतेम. पोहे खाता खाता त्यानं ताईला वाचायला काय आवडतं ते विचारलं आणि दोघं बोलतच सुटली. चहा निवून गेला. पाहुणे गेल्यावर ताईचा चेहरा असा फुलला होता, की तिला काही विचारायची गरजच नव्हती.

विचारलंही नाही कुणी. आप्पा आईला म्हणाले, "तोंड बघितलंस का त्याचं? पोरीगत हाय. ह्यो काय संसार रेटणार?"

आम्ही सगळे हसलो. ताई उठून आत गेली.

दुसरा मुलगा कुरुंदवाडचा. दोन्ही कान मोडलेले, जबडा रुंद. आप्पा त्याला घ्यायला पायरीपर्यंत गेले. तो एक शब्द बोलला नाही, त्याचंही आप्पांना कौतुक. लग्न ठरलं.

आप्पांचा अंदाज चुकला असंही म्हणता येत नाही. दाजी दारूला कधी शिवले नाहीत, ताईवर त्यांनी कधी हात उगारला नाही. फक्त ते बोलायचे नाहीत, आणि घरात दुसरं कुणी बोललेलं, हसलेलं त्यांना खपायचं नाही. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

काही वर्षांनी आप्पा आणि मी तिच्याकडे गेलो. दाजी शेतावर होते. ताईनं भाकरी-आमटी वाढली आणि बाजूला बसून राहिली. आप्पांनी दोन-तीन विषय काढून बघितले. ती हो-नाहीच्या पुढे जाईना.

शेवटी ते म्हणाले, "आता जावई न्हाईत न्हवं घरात? बोल की मोकळेपणानं."

ताई बराच वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, "काय बोलू आप्पा? काय सुचतच न्हाई."

आप्पांचा घास हातातच राहिला.