न हललेली दीर्घिका

मार्गासनीच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो, म्हणजे शिकवतो असा माझा समज होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पुण्याच्या मित्राकडून स्लाइड प्रोजेक्टर आणि एक स्लाइड मागून आणली. अवकाशातल्या दुर्बिणीनं टिपलेल्या, पार जुन्या दीर्घिकांचा फोटो. मला गाव दिपवायचं होतं. पण त्या दुपारी खरी परीक्षा माझ्या एका विद्यार्थिनीची होती. दहावीचा निकाल यायचा होता आणि नसरापूरला अकरावी सायन्सला जाणारच, म्हणून ती हटून बसली होती.

तिच्या वडिलांनी आदल्या दिवशीच मला गाठलं. "सर, पोरगी रोज यष्टीनं जाणार, मागं भात कोण लावणार? तुमचं सायन्स डोळ्यानं बघतो. पटलं तर धाडतो. न्हाईतर तिला बघायला पावणं थांबल्यात."

पश्चिमेच्या खिडक्यांना गावातून आणलेल्या घोंगड्या टांगून अंधार केला, समोरच्या भिंतीवर धोतर ताणलं. वडील पहिल्या बाकावर, पोरगी खिडकीशी, मागं पोरं आणि बाकीचं गाव.

"हात लांब करून तांदळाची कणी धरा," मी सुरू केलं. "तिच्यामागं झाकेल एवढंच हे आभाळ. साध्या डोळ्याला रिकामं. दुर्बीण कित्येक दिवस तिकडंच बघत राहिली, तेव्हा हे दिसलं. एकेक ठिपका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची वस्ती. यातल्या काहींचा उजेड निघाला तेव्हा पृथ्वीसुद्धा नव्हती."

वडील पुढं झुकले. झालं, मला चेव चढला. धोतराच्या कोपऱ्यात एक धूसर, तांबूस गोळा दिसत होता. "ही सगळ्यात म्हातारी! उजेड वाटेत ताणून ताणून तांबडा झालाय." सकाळी स्लाइड बघताना ही दिसली नव्हती, हे मला आठवलं, पण माझं तोंड आठवणीची वाट कधीच बघत नाही.

तेवढ्यात माझं कोपर प्रोजेक्टरला लागलं. सगळ्या दीर्घिका वीतभर सरकल्या. एक सोडून.



"सर," वडील सावकाश म्हणाले, "समद्या हलल्या. तुमची म्हातारी जाग्यावरच की!"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. वडील चपला शोधायला लागले. पोरीनं माझ्याकडं असं बघितलं, की मला बाकाखाली शिरावंसं वाटलं. मग ती उठली आणि खिडकीवरच्या घोंगडीवर तळहात ठेवला. म्हातारी गायब. हात काढला, म्हातारी हजर. वर्ग खदखदून हसला. पोरगी हसली नाही.

घोंगडीला भोक होतं, त्यातून ऊन आत येत होतं; वडिलांनी जाऊन त्यात बोट घातलं. "ही तर माझीच घोंगडी. विडी पडली व्हती."

"आबा, ती दुर्बीणवाली माणसंही हेच करतात. दुर्बीण जराशी हलवून पुन्हा फोटो काढतात. आभाळातलं असेल ते सगळं एकदम सरकतं. यंत्रातला डाग जागीच राहतो. तो मग काढून टाकतात."

"आन् आदी त्या डागावर भाषण ठोकत्यात?"

"नाही. तेवढं मीच केलं."

ते हसले नाहीत. पोरीकडं वळले. "तुला गं कसं कळलं?"

"कळलं न्हवतं, आबा. हात लावून बघितला."

त्यांनीही एकदा भोकावर तळहात ठेवून बघितला.

"यष्टीच्या पासाला," ते म्हणाले, "फोटू लागतो का?"

मग खिडकीवरची घोंगडी काढून त्यांनी खांद्यावर टाकली, आणि विश्वातली सगळ्यात जुनी दीर्घिका बाप-लेकीबरोबर घरी गेली.