अकरा दगड

भानामतीचा दगड आभाळातून पडत नाही, माणसाच्याच हातातून सुटतो, असं गुरुलिंग मास्तरांचं ठाम मत. सुट्टी लागली की लोक जत्रेला जायचे, हे गृहस्थ भानामती झालेली घरं हुडकत फिरायचे. बारा वर्षं त्यांनी वह्या भरल्या: दगड कधी पडला, कुठून आला, तेव्हा कोण कुठं होतं, कुणी टाकला.

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात सास्तूरजवळच्या एका गावात अंबादास पाटलांच्या अंगणात भर दुपारी दगड पडू लागले. मास्तर तिथं ठाण मांडून बसले. मागच्या भिंतीवर नजर ठेवायला भीतीनं कुणी तयार होईना. शेजारची विधवा सुईण इरम्मा तेवढी बसली, म्हणून वहीत दरेक दगडापुढं साक्षीदार म्हणून तिचंच नाव लागलं.

सातव्या दिवशी मास्तरांना माळवदावर पाटलांची सून प्रेमला दिसली. हातात दगड, दंडावर नवऱ्याच्या चाबकाचे वळ. हिचं नाव फुटलं तर पाटील हिला जिवंत ठेवणार नाहीत, हे त्यांनी ओळखलं आणि शेवटचा रकाना कोरा सोडला.

पाटलांनी वही चावडीत वाचायला सांगितली. मास्तरांनी नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांची वही ऐकायला पहिल्यांदाच अख्खं गाव जमलं होतं, आणि गडी फुलून गेला. मूर्खपणा, दुसरं काय! अकरा दगड, अकरा वेळा इरम्मा. साक्षीदार हा शब्द कुणाच्या कानात शिरलाच नाही.

करणी करणाऱ्याचे दात पाडले की त्याचा मंत्र चालत नाही, असा तिकडचा समज. चौघांनी इरम्माला आडवं पाडलं, एकानं जबडा फाकवला, पाटलांनी वरवंटा घातला. मधे पडलेल्या मास्तरांचा उजवा हात उंबऱ्यावर ठेवून मोडला. प्रेमलाचं नाव त्यांच्या ओठांवर आलं होतं. ती समोरच उभी होती, पांढरीफटक. मास्तरांनी नाव गिळलं आणि वरवंटा पुन्हा खाली आला.

इरम्मा वाचली. मास्तर दर रविवारी तिला ताकात कुस्करलेली भाकरी घेऊन जायचे. पाच वर्षांनी त्यांनी धीर करून सांगितलं, दगड टाकणारी आपल्याला ठाऊक होती.

"मलाबी दिसली हुती," इरम्मा बोळक्या तोंडानं म्हणाली. "म्या बी बोलले न्हाय. पन मास्तर, तिचं नाव तुमी झाकलं. माजं का वाचलं?"

मास्तर वारल्यावर ती वही सापडली. दगड कुणी टाकला, या कोऱ्या रकान्यात डाव्या हाताच्या वेड्यावाकड्या अक्षरांत त्यांनी अकरा वेळा स्वतःचं नाव लिहिलेलं होतं.