अप्पांच्या पाठीतली गाठ

निजामाच्या राजवटीत आमच्या कसब्यात हाडामासाच्या विद्येचं एक विद्यापीठ होतं. उस्मानाबादहून आलेल्या उर्दू हुकमात त्याचं नाव इतकं लांबलचक होतं, की मोठ्यानं वाचताना मला मध्येच श्वास घ्यावा लागला. प्रत्यक्षात ते सरकारी दवाखान्याच्या मागच्या पडवीत भरे आणि त्याची मालमत्ता म्हणजे एक घोंगडी, करडईच्या तेलाची वाटी आणि अप्पा.

कुणाच्याही अंगाला हात लावण्याआधी अप्पा आपला तळवा त्याच्या डोळ्यांसमोर धरीत. "बगून घ्या," म्हणत. मगच हात खांद्यावर येई. त्यांची उमर निजामाच्या रिसाल्यात, घोड्यांच्या मालिशीत गेली होती. "घोड्याला न दावता मागून हात लावला की लाथ बसती," ते सांगत. "माणूस लाथ न्हाय मारत, पर आतून आखडतो. आखडला की सपलं."

रोग्यांशी ते घोड्यांच्याच भाषेत बोलत. पालथे पडलेले आमचे पाटील कण्हू लागले, तेव्हा अप्पा त्यांची मान थोपटत म्हणाले, "हो, हो, हो. उबा ऱ्हा, राजा." पाटलांना तर कूसही बदलता येत नव्हती. पण ते शांत झाले, हे मी पाहिलं आहे.

मी शेजारच्या शाळेत उर्दू शिकवीत असे. हुकूम वाचायला आणि साहेब आले की त्यांचं बोलणं मराठीत करायला दवाखान्याचे डॉक्टर मला बोलावून घेत. त्या वर्गाची कल्पना डॉक्टरांचीच. कापूस पिंजायच्या जिनात हात सापडलेले, झाडावरून पडलेले लोक यायचे. हाड जुळायचं, पण हात वळायचा नाही. ते आखडलेलं मांस मोकळं करण्याची विद्या अप्पांकडून शिकायला जिल्ह्यातले कंपाउंडर आणि ड्रेसर आले. सोबत अणदूरच्या एक विधवा सुईणबाईही आल्या. त्या उंबऱ्याशी बसत.

पहिला धडा घोंगडीचा. तिच्या घडीखाली अप्पा जोंधळ्याचा दाणा ठेवीत आणि वरून बोटांनी तो हुडकायला लावीत. दुसरा धडा स्वतः अप्पांच्या पाठीचा. रिसाल्यात एकदा बिथरलेल्या घोड्यानं त्यांना तबेल्याच्या भिंतीशी चेपलं होतं. तेव्हापासून उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली खोलवर एक गाठ बसली होती. अप्पा सदरा काढून पालथे पडत आणि म्हणत, "हं, हुडका."

"ही का, अप्पा?"

"ती बरगडी हाय. देवानं समद्यांनाच दिलीय."

एका कंपाउंडरानं तर कमरेशी बोट रोवून "गावली!" म्हणून जाहीर केलं. अप्पा म्हणाले, "ती करगोट्याची गाठ हाय, बाबा. सोडू नको, इथं बाईमाणूस हाय."

एकदा मी त्यांना विचारलं, "अप्पा, गाठ तुमची, जागा तुम्हाला ठाऊक. सांगून का टाकत नाही? निदान दाबून तरी घ्याल."

"सांगून दाबलेलं लागत न्हाय, मास्तर. हुडकत आलेला हात पायजे." मग तेलाची वाटी उगाच पुसत म्हणाले, "बायको व्हती तवर ती हुडकायची. अंधारात सुदिक."

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. दिवसभर गावाच्या अंगाला यांचा हात. यांच्या अंगाला कुणाचा नाही. सरकारनं हा वर्ग रयतेसाठी काढला होता. अप्पांनी तो स्वतःसाठी घेतला होता, हे मला त्या दिवशी कळलं. साऱ्यांतून एक जरी हात तयार झाला, तरी त्यांचं काम होणार होतं.

तो हात तयारच होता, पण उंबऱ्याशी. आयुष्यभर लुगड्यावरून बाळाचं डोकं चाचपणाऱ्या सुईणबाई घोंगडीच्या कितीही घड्या घाला, दाण्यावर नेमकं बोट ठेवीत. पुरुषांचा पाठीचा धडा सुरू झाला, की मात्र तोंड फिरवून बसत. परक्या पुरुषाच्या उघड्या पाठीवर बाईनं हात ठेवणं आमच्या कसब्यात शक्य नव्हतं. अप्पांना ते माहीत होतं. तरी धडा चालू असताना त्यांची मान उंबऱ्याकडे वळलेली असे.

शेवटच्या दिवशी मोठे साहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला आले. पाटलांकडची खुर्ची आली, हार आला. साहेबांनी दीर्घ भाषण केलं. सरकारचा मायेचा हात रयतेच्या पाठीवर कायम आहे, असा त्याचा मथितार्थ मी मराठीत सांगितला. मग परीक्षा. एकेका पुरुषानं अप्पांची पाठ दाबली आणि अप्पा घोंगडीत तोंड खुपसून "न्हाय" म्हणत राहिले. डॉक्टरांना घाम फुटला.

"झाले ना सगळे?" त्यांनी विचारलं.

"बाई ऱ्हायल्या," अप्पा म्हणाले.

"अप्पा, काहीतरीच काय!"

उंबऱ्याशी बसल्या जागेवरून बाई म्हणाल्या, "त्यांच्या पाठीवर घोंगडी टाका." अप्पांच्या अंगाखालची घोंगडी मीच ओढून काढली आणि त्यांच्या पाठीवर टाकली. बाई आल्या, अप्पांच्या तोंडाशी उकिडव्या बसल्या आणि त्यांनी आपला तळवा त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "बगून घ्या, अप्पा."

घोंगडीवरून हात सरकत गेला, फऱ्याखाली थांबला आणि तिथंच रुतला. अप्पांनी एक लांब श्वास सोडला. अगदी घोडा सोडतो तसा.

"गावली," ते म्हणाले.

"आणिक दाबू का जरा?"

"पुरे, पुरे!" हे डॉक्टर म्हणाले.

साहेबांनी खूश होऊन सगळ्यांनाच पास केलं, करगोटेवाल्यालाही. पण दिवस मावळायच्या आत ही गोष्ट कसब्यात घरोघर पोचली. दुसऱ्या दिवशी बाईंचे भाऊ गाडी जुंपून आले आणि त्यांना अणदूरला घेऊन गेले. तोवर रझाकारांच्या धामधुमीचे दिवस आले. वर्गाला नवे विद्यार्थी कुणी धाडले नाहीत.

एका रविवारी अप्पा खंडोबाला म्हणून अणदूरला जाऊन आले. मी विचारलं, "बाई भेटल्या?"

"व्हय. दारात आल्या व्हत्या. पाठ कशी हाय म्हणल्या."

"मग?"

"लई बरी हाय म्हणलो." मग म्हणाले, "भाऊ बसला व्हता ना ओसरीवर."

तिथून परतल्यापासून अप्पा पडवीच्या लाकडी खांबाला पाठ लावून बसू लागले. कुणी नाही असं पाहून हळूहळू घासत. दिसलं, की आम्ही दुसरीकडे पाहत असू.

पोलीस ॲक्शननंतरच्या उन्हाळ्यात अप्पा गेले. नव्या सरकारनं दवाखान्याला चुना दिला. अप्पांच्या पाठीनं खांबावर पडलेला तेलाचा डाग चुन्याखालून पुन्हा वर आला. परत चुना दिला, परत आला. शेवटी त्यावर देवीची लस टोचून घेण्याची सूचना चिकटवण्यात आली.