बिंदुमाधवरावांचा डावा कान

येलहंक्याच्या जुन्या गावात बिंदुमाधवरावांच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस दिवाणखान्यातली दोन उंच लाकडी खोकी बघतो आणि विचारतो, "कपाटं का?"

"कपाटं असती तर काही ठेवता तरी आलं असतं," रावांच्या पत्नी वसुमतीबाई म्हणतात.

ती खोकी म्हणजे रावांचे स्पीकर. आजकालच्या स्पीकरांत कामाची वाटणी असते, जाड आवाज एकाने काढायचा, बारीक दुसऱ्याने. रावांच्या खोक्यात ताटलीएवढा एकच जुना स्पीकर, आणि मृदंगापासून झांजेपर्यंत सगळं त्यानेच वाजवायचं. त्याचा कागदी शंकू जड असल्यामुळे बारीक सूर त्याला पेलत नाहीत, म्हणून मधोमध कागदाचाच एक छोटा शंकू बसवलेला असतो, फुलात फूल असावं तसा. छोट्या शंकूची बाहेरची कड मुद्दाम मोकळी ठेवलेली असते, मोठ्याला कुठेही न टेकता. मागच्या बाजूने निघणारा आवाज खोक्यातल्या नागमोडी वाटेने फिरत फिरत खालून बाहेर पडतो. खोकी उंच आहेत ती या वाटेपायी.

राव शहरातल्या एका रेडिओ कारखान्यात आवाज तपासायचं काम करत. कारखाना पुढे बंद पडला, पण राव ज्या कामासाठी ओळखले जात ते काम चालूच राहिलं: जोडी लावणं. एकाच साच्यातून निघालेले दोन जुने स्पीकर सारखे नसतात. एकाचा कागद जरा जाड, दुसऱ्याने दमट हवा जास्त खाल्लेली. डाव्या-उजव्याला असे दोन निवडायचे, की गाणारी बाई बरोबर मधोमध उभी राहिलेली वाटली पाहिजे. हे राव कानाने करतात.

"माणसांच्या जोड्या लावल्या असत्या तर पुण्य तरी पदरी पडलं असतं," वसुमतीबाई म्हणतात.

"माणसं बदलून देता येत नाहीत," राव म्हणतात.

यंदा दसऱ्याच्या आधी होसकोट्याहून शिवकुमारचा फोन आला. कारखान्यातला हा जुना सोबती आता मोडीत निघालेले रेडिओग्राम विकत घेऊन त्यांतले स्पीकर जगवतो. या वेळी त्याच्याकडे ढीगच आला होता. "सार, स्वल्प लवकर या. तुमच्या कानाशिवाय जोडी लागत नाही."

"येतो," राव म्हणाले. त्याच संध्याकाळी त्यांनी नेहमीची वीणेची तबकडी लावली आणि वीणा मधोमध नव्हती. ती उजवीकडे सरकून बसली होती. डावीकडे कुणी घोंगडी टाकावी तसा आवाज येत होता. तार छेडल्यावर टोकाला जी चमक निघते ती त्या बाजूने गायब.

रावांनी अँप्लिफायरच्या मागून स्पीकरांकडे जाणाऱ्या दोन्ही वायरींची अदलाबदल केली. घोंगडी डावीकडेच राहिली. म्हणजे अँप्लिफायर आणि तबकडी निर्दोष. उरले दोन संशयित: डावा स्पीकर आणि डावा कान. स्पीकर रावांनी स्वतः पारखून लावलेला. कान सत्तरीतला.

पुढची पायरी त्यांना पाठ होती. कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक नवीन माणसाला ते सांगत, शंका आली की खुर्ची फिरवा, स्पीकरांकडे पाठ करून बसा. दोष स्पीकरात असेल तर तो दुसऱ्या कानाला जाईल, कानात असेल तर जागचा हलणार नाही. मिनिटाभराचं काम. रावांनी खुर्ची फिरवली नाही. त्यांनी अँप्लिफायर फडक्याने पुसला. दुसऱ्या दिवशी परत पुसला. शिवकुमारला कळवलं की गुडघा दुखतोय. मग कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि घरात कुणाला सांगितलं नाही.

त्यांची मुलगी अनुषा गोंबे मांडायला के. आर. पुरमहून आली. दसऱ्याला पायऱ्यांवर बाहुल्या मांडायची ही इथली रीत या घराने कधीच आपली करून टाकली आहे. आल्या आल्या तिने विचारलं, "अप्पा, फोन उजव्या कानाला कधीपासून?"

"डाव्या खिशात चष्मा असतो," राव म्हणाले. अनुषाला यातलं काही कळलं नाही, पण बाहुल्या खोक्यातून काढायच्या होत्या.

पायऱ्या स्पीकरांच्या समोरच्या भिंतीला लागल्या. सगळं मांडून झाल्यावर वसुमतीबाईंनी रावांची खुर्ची धरली आणि गर्रकन फिरवली. "आज तरी त्या खोक्यांकडे पाठ करा. बाहुल्या बघा. राजा-राणी सरळ उभे आहेत का सांगा."

राव कॉफी घेऊन बसले. अनुषाने वीणेची तबकडी लावली.

घोंगडी उजव्या कानावर आली होती.

राव उठले, स्पीकरांकडे तोंड करून उभे राहिले. घोंगडी डावीकडे. परत फिरले. उजवीकडे. तिसऱ्या फेरीला कॉफी धोतरावर सांडली.

"अय्यो, झालं काय तुम्हाला?"

"वसू, माझा कान शाबूत आहे!"

"मग मघाशी दोनदा हाक मारली, ती कुणी ऐकायची होती?"

रावांनी डाव्या खोक्यावरचं कापड काढलं. आतल्या छोट्या शंकूची मोकळी कड सगळीकडून मोठ्या शंकूला चिकटवलेली होती. गुलाबी पतंगी कागदाच्या पट्ट्या, एकसारख्या कापलेल्या. राणीच्या छत्रीला होता तोच कागद.

"हे कुणी केलं?"

"मी. कापडं धुवायला काढली तेव्हा दिसलं, कड सगळी सुटून आलेली. बाहुल्यांसाठी मैद्याची खळ केलेलीच होती. तुम्हाला सांगितलं की! तुम्ही पेपरमधून मान वर न काढता म्हणालात, सरी, कर."

"आणि उजवा?"

"खळ संपली. नाहीतर तोही केला असता."

रावांनी मनात हिशेब केला. उजवाही चिकटला असता तर दोन्ही बाजू सारख्याच बोथट झाल्या असत्या, खुर्ची फिरवूनही काही कळलं नसतं, आणि त्यांनी दोन्ही कान गेले असं धरून स्पीकर शिवकुमारला देऊन टाकले असते. मग ते हसायला लागले. अनुषाही हसली. वसुमतीबाई हसल्या नाहीत. "फाटलेलं चिकटवलं, यात हसायचं काय?"

सोडवलंही त्यांनीच. रावांचा हात हल्ली थोडा थरथरतो आणि शंकूचा तो कागद आता कुठे मिळत नाही. वसुमतीबाईंनी बाहुल्या रंगवायचा ब्रश कोमट पाण्यात बुडवून पिळला, एकेक पट्टी ओलसर केली आणि सोलून काढली. जुन्या कागदाला ओरखडाही उठला नाही. तो पंख्याखाली वाळल्यावर तबकडी लागली. वीणा मधोमध येऊन बसली.

रावांनी शिवकुमारला फोन केला, डाव्या कानाला लावून. "गुडघा बरा झाला. शनिवारी येतो."

त्यांनी फोन खाली ठेवला तेव्हा अनुषाला त्यावर कानाच्या डॉक्टरांचा निरोप दिसला. "अप्पा, हे काय? रद्द करू?"

"मुळीच नाही," वसुमतीबाई म्हणाल्या. "जाऊन या, आणि माझ्या हाका कुठे जातात ते विचारून या."

शनिवारी होसकोट्यात शिवकुमारने ढिगातले स्पीकर एकेक करून लावले. दुपारपर्यंत रावांनी एक जोडी काढली. "ही," ते म्हणाले.

"नक्की ना, सार?"

राव उठले, खुर्ची फिरवली आणि स्पीकरांकडे पाठ करून बसले. "परत लाव," ते म्हणाले.