नळाला हात लावायचा नाही

आमच्या गावात पाणी सोमवारी येतं आणि ते दाजी सोडतात. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मिरजगावपासून आत, जामखेडच्या अंगाला आमचं गाव. टाकीच्या सगळ्या व्हॉल्व्हच्या चाव्या गेली पंचवीस वर्षं दाजींच्या खाकी पिशवीत आहेत. कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, कुठल्या आळीला चढ आहे, कोणी नळाला चोरून मोटर लावली आहे, हे फक्त त्यांना ठाऊक. माझ्या लग्नात ते जेवणाच्या पंगतीतून उठून गेले होते, कारण सोमवार होता.

आणखी एक त्यांचा नेम. स्वतःच्या आळीला, म्हणजे आमच्या बौद्धवाड्याला, पाणी सगळ्यांत शेवटी. कोणी बोट दाखवायला नको. तोवर टाकी तळाला जाते आणि अक्काच्या नळातून करंगळीएवढी धार पडते. पाणी सोडणाऱ्याची बायको गावात सगळ्यांत शेवटी कळशी भरते, याचा दाजींना भलताच अभिमान.

यंदा दिवाळीच्या आधी अक्काचं डोकं फिरलं. "पंचवीस वर्सं गावाला पानी दाखवलं. मला एकदा धबधबा दावा. उंचावरून पडनारा."

"भंडारदऱ्याला जाऊ की. आपल्याच जिल्ह्यात हाय," दाजी म्हणाले.

"गेल्तो की एकदा. तुमी दिवसभर धरनाचे दरवाजे मोजत बसलात."

मी नागापूरला एमआयडीसीत नोकरीला आहे. जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर रील्स बघणं हे तिथलं माझं दुसरं काम. त्यातच मला 'कुणालाही माहीत नसलेले धबधबे' सापडले होते. तमिळनाडूतलं वालपराई, डोंगरभर चहाचे मळे. ते कुणालाही माहीत नाहीत हे किती लाख लोकांनी पाहिलं होतं, तेवढं मी बघितलं नाही. सोमवारी पाणी सोडून आम्ही तिघांनी निघायचं आणि पुढच्या सोमवारी पाण्याला हजर, असा बेत ठरला. अक्कानं एकच अट घातली.

"मधल्या दिवसांत कुठल्याच नळाला हात लावायचा न्हाई. शपथ घ्या."

दाजींनी चाव्यांच्या पिशवीवर हात ठेवून शपथ घेतली.

सामानात भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, दाजींची खाकी पिशवी आणि पिण्याच्या पाण्याचे दोन मोठे कॅन होते. धबधब्यांच्या मुलखात घरचं पाणी घेऊन जाणारे आम्हीच असू. पुण्याहून कोइम्बतूरची गाडी धरली. डब्यातला बेसिनचा नळ थेंब थेंब गळत होता. दाजी चार वेळा उठून गेले, नुसते बघून आले आणि हात मांडीखाली घेऊन बसले. अक्का खिडकीकडे तोंड करून हसत होती.

पोल्लाचीच्या पुढे घाट सुरू झाला. वळणांना नंबर दिलेले आहेत. कितव्या वळणाला अक्काला ओकारी झाली, हे त्यामुळे मी खात्रीनं सांगू शकतो : सतराव्या. वर पोचलो तर जिकडे तिकडे चहा. रीलमध्ये त्याला हिरवा गालिचा म्हणतात. अक्का बराच वेळ बघत राहिली. उभा जन्म लोकांच्या रानात खुरपणी केलेली बाई ती. म्हणाली, "लई येकसारखं कापलंय. कोन कापतं रं हे?" रीलमध्ये हे सांगितलेलं नव्हतं.

तिथल्या टपरीवरचा चहा फेसाळ आणि फिका निघाला. दाजींनी पेला खाली ठेवला. "पिकवत्यात चांगला. करायला शिकाय पायजे."

सेल्वम नावाचा जीपवाला आम्हाला मिळाला. पुण्यात एका बेकरीत काही वर्षं काढल्यामुळे त्याला हिंदी येत होतं. पहिल्या दिवशी त्यानं आम्हाला त्या अज्ञात धबधब्यावर नेलं. अज्ञात धबधब्याला पार्किंग होतं. फोटोसाठी एक ठरावीक खडक होता आणि त्या खडकासाठी रांग. पिवळ्या रेनकोटातला एक तरुण अक्काला म्हणाला, "आंटी, फ्रेम में आ रही हो." अक्का बाजूला झाली. मग दुसरा म्हणाला, मग तिसरा. अक्काला धबधब्याऐवजी माणसांच्या पाठी दिसल्या. दाजी मात्र मान वर करून पाण्याकडे बघत होते.

"सेल्वम, हे रात्री कोन बंद करतं?"

मी हिंदीत सांगितलं. सेल्वम पोट धरून हसला. दाजींनी खरंच विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशीच्या धबधब्याची वाट हत्ती आले म्हणून बंद होती. तिसऱ्याच्या वाटेवर अट्टै (जळवा) निघाल्या. सहा माझ्या पायाला, एक अक्काच्या कानामागे. अक्का किंचाळली आणि आम्ही माघारी फिरलो. उरली होती एक सकाळ. दुपारी निघायलाच हवं होतं, सोमवार काही थांबणार नव्हता. संध्याकाळी खोलीवर अक्का नुसती पाय चोळत बसली. "ऱ्हाऊ द्या आता. नशिबात आसंल तर दिसंल," असं म्हणाली. मला फार वाईट वाटलं.

आम्ही उतरलो होतो त्या घरामागे सिमेंटचा हौद होता. डोंगरावरून आलेल्या काळ्या पाइपचं पाणी त्यात अखंड पडत होतं. हौद काठोकाठ भरलेला, आणि वरचं पाणी एका पन्हळीतून खाली उतारावर चाललेलं. दाजी संध्याकाळभर त्या हौदाभोवती फिरत होते. पाइपला एक व्हॉल्व्ह होता, पार गंजलेला, कित्येक वर्षांत कोणी हात न लावलेला. जेवायला बसले तेव्हा मात्र दाजी एकदम शांत आणि प्रसन्न दिसले. दोन घास जास्त जेवले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सकाळी गलक्यानं जाग आली. दहा-बारा बायका रंगीत प्लास्टिकचे हंडे घेऊन उतार चढून वर आल्या होत्या. "तण्णी इल्लै!" (पाणी नाही!) हे दोन शब्द समजायला मला दुभाष्या लागला नाही. सेल्वमनं सांगितलं ते असं : हौदातून वाहून जाणारं पाणी खालच्या लाइनला (चहामळ्यातल्या मजुरांच्या खोल्यांच्या रांगेला) जातं. तेवढंच त्यांना मिळतं. रात्रीत ते बंद झालं. वरून हौदातही थेंब पडत नव्हता. घरच्या राखणदारानं हात झटकले. हत्तीनं पाइप उपटला असेल, नेहमीचंच आहे, म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

दाजी पुढं झाले. "हत्ती न्हाई. मी."

अक्कानं त्यांच्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. "अवं, शपथ घेतल्ती न्हवं?"

"वाया चाललं हुतं गं. डोळ्यादेखत. न्हाई बघवलं."

सेल्वमनं हे बायकांना सांगितलं. त्यांच्यातली एक पाट्टी (आजी) दाजींच्या अगदी समोर येऊन काहीतरी बोलली. सेल्वमनं हिंदीत सांगितलं, "पूछती है, नीचे आदमी रहता है, तो पानी बर्बाद कैसे हुआ?"

दाजींनी व्हॉल्व्ह उघडला, तरी हौदात पाणी येईना; वर कुठंतरी पाइपचा जोड निसटला असणार. त्यांनी खाकी पिशवी खांद्याला मारली आणि पाइपच्या कडेकडेनं डोंगर चढायला लागले. त्यांच्यामागे मी, सेल्वम, अक्का आणि हंडेवाल्या बायका. गचपण, चिखल, जळवा. कालच्या एका जळवेला किंचाळलेली अक्का आज खाली वाकून त्या उपटून फेकत होती. बंद पाण्याचा दाब बसून जोड उडालाच होता. दाजींनी पिशवीतून सायकलच्या ट्यूबची पट्टी काढली, पाइप सरळ कापला, तोंडात तोंड घातलं आणि पट्टी आवळून तार पिळली. त्यांचे हात कामाला लागले की बघत राहावं. पाइपमधून पाणी सळसळत गेलं, खालून कोणीतरी ओरडून सांगितलं आणि बायका हसल्या.

तेव्हा कुठं आमचं वर लक्ष गेलं. पाइप जिथून सुरू होत होता, तिथंच काळ्या कड्यावरून सगळं पाणी कोसळत होतं. पाटी नाही, पार्किंग नाही, पिवळा रेनकोट नाही. अक्का भिजत उभी राहिली. मी फोटोसाठी मोबाईल काढला तर म्हणाली, "ठेव तो." मी विचारलं, या अरुवीचं (धबधब्याचं) नाव काय? बायकांना प्रश्नच पटला नाही. पाणी भरायच्या जागेला कशाला नाव ठेवायचं?

परत येताना पाट्टीनं आम्हाला लाइनमधल्या तिच्या खोलीत नेलं. काळा, गोड चहा दिला. भिंतीवर एक फोटो होता. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. आमच्या घरात दारासमोर आहे तोच. अक्कानं हात जोडले आणि म्हणाली, "जय भीम." पाट्टीनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि तेच दोन शब्द परत केले. मग अक्काचा हात धरून बसली, तो शेवटपर्यंत सोडला नाही. तमिळमध्येही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात, हे मला तिथं कळलं.

पाण्याचा क्रम सेल्वमनं समजावला. पहिलं वरच्या रिसॉर्टला, मग आमच्यासारख्या पाहुण्यांच्या घरांना, उरलं तर लाइनला.

"आमच्यावानीच की," अक्का म्हणाली. "शेवटी."

ती सहज बोलली होती. दाजींनी मात्र पेला खाली ठेवला. परतीच्या गाडीतही बेसिनचा नळ गळत होता, दाजी तिकडे फिरकलेही नाहीत. सोलापूर आल्यावर एकदम म्हणाले, "रवी, माझा आजा हिरीपाशी हुभा ऱ्हायचा. कुनी वरनं वतलं तर वंजळीनं प्यायचा. आन मी खालच्यांचं पानी तोडून दोन घास जास्त जेवलो." मीही पोटभर जेवलो होतो.

सोमवारी पहाटे घरी पोचलो. दाजी चहा न घेताच चाव्या घेऊन टाकीकडे गेले. आमच्या आळीला पाणी यायला दुपार होते, म्हणून अक्का निवांत होती. कळश्या पालथ्या, अंगणात चिखलानं भरलेल्या चपला वाळत घातलेल्या. साडेसात वाजले असतील. दारातला नळ खोकला, फुरफुरला आणि मनगटाएवढी धार खालच्या फरशीवर आदळायला लागली. इतकं पाणी त्या नळातून पडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मी बंद करायला धावलो.

"थांब रव्या," अक्का म्हणाली. "हात लावू नगं."

तिनं साडीचा काठ वर धरला, दोन्ही पाय धारेखाली घातले आणि डोळे मिटून उभी राहिली. पाणी अंगणातून वाहत रस्त्यापर्यंत गेलं. शेजारची सुमन दारात येऊन बघत राहिली. "अगं, वाया चाललंय समदं!"

"व्हय," अक्का म्हणाली. आणि मग तिनं पहिली कळशी लावली.