फाईलमधली प्रोक्लिव्हिटी

लातूरच्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरांच्या दोन भाषा होत्या. पेशंटशी बोलायला मराठी आणि फाईलमध्ये लिहायला इंग्रजी. मराठीत ते मला एवढंच म्हणाले, "काही होत नाही बाळ. गोळी चुकवायची नाही, जागरण करायचं नाही." आणि हे म्हणता म्हणता त्यांचा पेन मात्र फाईलवर थांबायला तयार नव्हता. बोलायला दोन वाक्यं आणि लिहायला अर्धं पान, म्हणजे मधलं काय ते आपल्यापासून लपवलंय, असं मला वाटलं.

मी तेव्हा लातूरला बी.ए.ला होते, इंग्रजी घेऊन. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्राच्या परीक्षेत पेपर लिहिता लिहिता मला पहिल्यांदा फिट आली. शुद्धीवर आले तेव्हा कुणीतरी माझ्या नाकाशी चप्पल धरली होती आणि सुपरवायझर मॅडम माझा पेपर छातीशी घेऊन रडत होत्या. दुसरी फिट लगेचच्या दिवाळीच्या सुट्टीत आली, देवणीजवळच्या आमच्या गावी, अंगणात, माय आणि बाबांच्या डोळ्यांदेखत. दोन्ही वेळा आधी डाव्या हाताचा अंगठा आपोआप उडायला लागला होता. बाकी मला काही आठवत नाही.

डॉक्टरांकडून गावी परतताना एस.टी.त मी फाईल उघडली. आपण इंग्रजीवाले, या ऐटीत वाचायला लागले. तिसऱ्या ओळीत अडले. हिला फिट्सची 'प्रोक्लिव्हिटी' आहे, असं लिहिलं होतं. हा शब्द मी कुठल्याच पुस्तकात पाहिला नव्हता. मोबाईलवर शोधला. अंगचा कल, स्वभावतःच असलेली ओढ, बहुतेक करून वाईट गोष्टीकडे. खाली बारीक अक्षरात मूळ दिलं होतं. लॅटिनमध्ये त्याचा संबंध उताराशी होता.

 कावीळ होते, टायफॉईड होतो, ते बाहेरून येतं आणि औषधानं निघून जातं. हे माझ्यात कुठून आलेलं नव्हतं. माझी जमीनच उताराची आहे आणि पाणी कधी ना कधी तिकडंच जाणार, असं मला त्या शब्दानं सांगितलं. शेजारी बसलेल्या मायनं विचारलं, "काय लिवलंय गं?" मी म्हणाले, "गोळ्यांची नावं हायत."

पुढचं वर्ष मी माझ्या अंगठ्याकडं बघण्यात घालवलं. वर्गात, मेसमध्ये, रस्ता ओलांडताना. मैत्रिणी मला चिडवायच्या की हिला अंगठीचे डोहाळे लागलेत. मीही हसायचे. गोळ्या वेळेवर घेत होते, फिट पुन्हा आली नाही, पण भीती काही गेली नाही. उलट जितके दिवस बरे जायचे तितकी ती वाढायची.

आता बाबांविषयी सांगायला हवं. बाबा हेडी, म्हणजे जनावरांच्या खरेदी-विक्रीचा धंदा करणारे. देवणी जातीची गाय लांबून बघूनच ते तिचं वय सांगायचे. त्यांचा एक नियम होता आणि त्यावर त्यांचं नाव उभं होतं. जनावराची खोड ते गिऱ्हाइकानं दोर हातात घेण्याआधी सांगायचे. मारका आहे, नांगराला बसतो, दूध चोरते, जे असेल ते. दोर दिल्यावर खोड कळली तर त्या हेड्याच्या दारात पुन्हा कुणी येत नाही, असा तो बाजार. बाकीचे हेडी त्यांना वेड्यात काढायचे. पण लोक उदगीरहून, पार कर्नाटकातून बाबांना विचारत यायचे.

बी.ए.चं शेवटचं वर्ष संपत आलं आणि चाकूरकडचं एक स्थळ आलं. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, घरी शेती. मायनं आम्हा दोघांना चुलीपुढं बसवलं आणि बजावलं, "दुखण्याचा शब्द त्वांडातून निघाला तर माझं मेलेलं त्वांड बघाल." मी मान हलवली. बाबा उठून गोठ्यात गेले. ते सांगणार की नाही, याचा मला अंदाजच येईना. सांगितलं तर स्थळ जाणार आणि मग पंचक्रोशीत दुसरं येणार नाही. नाही सांगितलं तर काय होणार, हा विचार मी तेव्हा केलाच नव्हता.

बघायला पाच जण आले. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा माझे डोळे मुलावर नव्हते, ट्रेच्या कडेवर धरलेल्या अंगठ्यावर होते. सगळ्यांना ती लाज वाटली. मुलाच्या मामांनी शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला आणि मग सहज बाबांकडं वळून म्हणाले, "पोरगी तब्येतीनं बरी हाय न्हवं?"

बाबांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली. 

"हाय की," बाबा म्हणाले.

मला सुटल्यासारखं वाटलं, पण ते रात्रीच्या जेवणापर्यंतच टिकलं. तिकडून पसंतीचा फोन आला आणि खरी भीती सुरू झाली. आता मला त्यांचं स्वयंपाकघर दिसायला लागलं. कढईत तेल तापलंय, मी पुऱ्या तळतेय आणि अंगठा उडतोय. कडेवर बाळ आहे आणि अंगठा उडतोय. तिथं कुणाला माहीतच नसणार की ही का पडली. गोळ्या कुठं लपवायच्या याचा मी विचार करायला लागले. हळदीच्या डब्यात, पेटीच्या तळाशी, ब्लाऊजच्या घडीत. जन्मभर लपवायच्या.

सुपारी फोडायला दहा दिवस होते. मधल्या बाजाराच्या दिवशी मी बाबांची भाकरी घेऊन बाजारात गेले. बाबा एक गाय विकत होते. निलंग्याकडचा म्हातारा शेतकरी तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. गाय देखणी होती आणि त्याला ती फार आवडलेली होती.

"जरा थांबा," बाबा त्याला म्हणाले. "धार काढाया उजव्या अंगाला बसू देत न्हाई ही. लाथ मारती. ऐकून घ्या, मग दोर धरा."

एवढं बोलून त्यांनी वर बघितलं आणि त्यांना मी दिसले. बाबांनी मान खाली घातली. माझ्या हातातून भाकरी घेतली तेव्हाही त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांची कीव आली आणि ती कीव मला भीतीपेक्षाही असह्य झाली.

सुपारीच्या दिवशी पाहुणे ओसरीवर बसले. ताटात हळदकुंकू, नारळ आणि सुपारी मांडली होती. मामांनी सुपारी उचलली तेवढ्यात मी आतून फाईल घेऊन बाहेर आले. पाय असे कापत होते की उंबऱ्यावर मला चौकट धरावी लागली. हे कापणं म्हणजे तेच तर नाही ना, म्हणून मी पुन्हा अंगठ्याकडं बघितलं. तो शांत होता. मी फाईल सरळ मुलाच्या हातात दिली.

"हे आधी वाचा," मी म्हणाले.

मायनं पदर तोंडाला लावला. मुलानं वाचायला सुरुवात केली. चांगला मुलगा होता तो, घाईनं पानं उलटली नाहीत. तिसऱ्या ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"प्रोक्लिव्हिटी म्हणजे काय?" त्यानं विचारलं. "मला हा शब्द माहीत नाही."

दीड वर्ष तो शब्द मी उरात घेऊन फिरत होते, पण मराठीत तो एकदाही तोंडानं उच्चारला नव्हता. प्रवृत्ती म्हणावं की कल म्हणावं, मला काही सुचेना. समोर दोन्हीकडची माणसं होती आणि सगळ्यांना कळेल असा एकच शब्द माझ्याजवळ होता.

"खोड," मी म्हणाले. "मला फिट येती. दोनदा आली हाय. गोळी चालू हाय. पर पुन्हा येणार न्हाई असं कुणी सांगू शकत न्हाई."

मामांनी सुपारी ताटात ठेवली. कुणी आवाज चढवला नाही. त्यांनी चहा घेतला, घरी बोलून कळवतो म्हणाले आणि गेले. माय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात शेण काढत होते. बाबा आले आणि गव्हाणीच्या कडेला टेकले.

"त्यांचा फोन आला व्हता," ते म्हणाले. "न्हाई म्हणले. पत्रिका जुळत न्हाई म्हणं."

मी मान हलवली. शेण पाटीत भरत राहिले.

"सांगताना भेव वाटलं न्हाई व्हय तुला?"

"लई वाटलं, बाबा."

ते दावणीच्या बैलाकडं वळले. "मला बी वाटलं, म्हणून तर मी गप बसलो," ते म्हणाले. "मारके बैल शिंगाला धरून आणले मी. पर तू अंगणात पडलीस न्हवं, मला काय करावं ते कळंना. चप्पल शोधत पळालो नुसता. तवापून माझं हात थरथरायलेत." आणि त्यांनी दोन्ही हात मला दाखवले.

मग त्यांनी विचारलं, फिट आल्यावर नेमकं काय करायचं असतं. मी सांगितलं. चप्पल नाही, कांदा नाही, तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही. आजूबाजूचं लागण्यासारखं बाजूला करायचं आणि कुशीवर वळवायचं. लवकर थांबली नाही तर दवाखाना गाठायचा. बाबांनी ते माझ्यामागून म्हणून घेतलं, मधे दोनदा चुकले.

"कुशीवर कसं, ते दाव," ते म्हणाले.

मी कोरड्या कडब्यावर उताणी पडले. मी वयात आल्यापासून बाबांनी मला हात लावला नव्हता. ते गुडघ्यावर बसले, एक हात माझ्या खांद्याला आणि एक कमरेला लावून त्यांनी मला हळूच स्वतःकडं वळवलं. हनुवटी जरा वर केली.

"असंच न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. त्यांनी मला पुन्हा उताणी केलं आणि पुन्हा एकदा वळवलं. हात थरथरतच होते.